बाराखडे गप्प बसले

मानपाडा, डोंबिवली पूर्व
१८ नोव्हेंबर

ताई,

पहिलं म्हणजे पत्र फाडू नकोस. पाकिटावरचं अक्षर माझं नाही. ते कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून लिहून घेतलंय, कारण माझं अक्षर बघितलं असतंस तर पाकीट सरळ कचऱ्यात गेलं असतं. आता उघडलंच आहेस तर वाच.

नंबर तू बदललास, नवा दिला नाहीस. पत्ता मी तुझ्या मैत्रिणीला तीन वडापाव खिलवून काढलाय. तिला ओरडू नको, वडापाव गरम होते. पोस्टातल्या बाई बोलल्या, "कल्याणलाच पाठवायचंय? जाऊन दे की रे." मी बोललो, "मॅडम, लय लंबी स्टोरी आहे." त्यांनी तिकिटावर शिक्का असा मारला की जणू मीच गुन्हेगार.

तर बातमी. आपली डिटेक्टिव्ह सिरीयल, 'बाराखडे आले', बंद होतेय. हा शेवटचा सीझन. वागळे इस्टेटमधल्या बंद कंपनीत त्यांचा सेट होता ना, तो मोडला. आणि शेवटची केस कुठे शूट होतेय सांग? सांग सांग. आपल्या अंगणात.

शप्पथ. एकवीरा आईची. मला माहितीय तू आता हसतेयस आणि बोलतेयस, विकी, फेकू नको. ताई, मी आयुष्यात जेवढ्या फेकल्या तेवढ्या फेकल्या, ही नाही. आपल्या दारात आत्ता जनरेटरची गाडी उभी आहे आणि आई स्पॉटबॉयला ओरडतेय की तुळशीवर वायर टाकू नको.

लोकेशन शोधणारा आलेला तेव्हा पप्पा खुश. "एवरा अंगन डोंबिवलीन ऱ्हायलाय कोनाचा?" लग्नाचा मांडव घालायचाय, विहीर पाहिजे, बंगला पाहिजे, सगळं आपल्याकडे आहे. पप्पांनी शब्द दिला. मी फक्त 'सिरीयल' बोललो होतो. कुठली ते बोललो नाही. विचारलंच नाही त्यांनी, माझी काय चूक? काल गाडीतून खुद्द बाराखडे उतरले. केसात पेन्सिल, खांद्यावर नॅपकिन. पप्पांचा चेहरा बघायला पाहिजे होतास. पण शब्द दिलेला, आता फिरवणार कसा.

तुला माहीत नाही ते सांगतो. तू गेल्यापासून, म्हणजे कोर्टात सही करून प्रफुल्ल भावोजींच्या घरी गेल्यापासून, पप्पांनी तुझं नाव घेतलेलं नाही. "आपल्यातला नाय," एवढंच एकदा बोलले, मग संपलं. भावोजी बौद्ध आहेत ह्यापेक्षा मला शिकवून दहावीच्या गणितात पास केलं हे मोठं आहे, असं मी बोललो, तर पप्पा बोलले, "एक मार्काने." बरोबरच आहे ते पण. आणि शनिवारी 'बाराखडे आले'ची ट्यून वाजली की ते उठतात आणि गच्चीवर पाण्याची टाकी बघायला जातात. एपिसोड संपला की खाली. दोन वर्षांत आपली टाकी एकदाही भरून वाहिलेली नाही. सगळ्या मानपाड्यात एवढी सांभाळलेली टाकी नसेल.

आपण तिघं पैज लावायचो, आठवतंय? ब्रेकच्या आधी खुनी ओळखायचा, हरेल त्याने भांडी घासायची. पप्पा दरवेळी मिशीवाल्याला पकडायचे आणि दरवेळी भांडी घासायचे.

आता भांडी मीच घासतो. पैज लावायला कोण नाही.

विकी


मानपाडा
२१ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी पण शाळेत उत्तरपत्रिका कोरीच द्यायचो, मला वाईट वाटत नाही.

मला बघायचं होतं की बाराखडे खरंच बाराखडे आहेत का. टीव्हीत कसं, कुणाच्याही घरी गेले की आधी दारातल्या चपला बघणार. टोक आत तर माणूस घाईत घुसलाय, टोक बाहेर तर त्याला आधीच पळायचंय. "तोंडं खोटं बोलतात, चपला नाही." घरात पाय ठेवायच्या आधी ह्याला खुनी माहीत, पण दोन वाट्या आमटी प्यायल्याशिवाय सांगणार नाही. आणि शेवटी, बारसं असो नाहीतर साखरपुडा, कार्यक्रम भरात आला की मधे घुसून, "थांबा!"

तर मी काय केलं, सगळे जेवायला बसलेले तेव्हा दारातल्या युनिटच्या सगळ्या चपला-बूट कालवून टाकले. लाईटवाल्याचा एक, मेकअपवाल्या दादाचा एक, असे जोड लावून रांगेत मांडून ठेवले, एकदम फुल्ल शिस्तीत. आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसून मजा बघत होतो.

बाराखडे बाहेर आले. खरं नाव श्रीपाद काका. रांगेकडे बघितलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग चक्क एका पायात निळी स्लीपर आणि एका पायात सेफ्टी बूट घालून माझ्याकडे चालत आले.

"तूच ना?"

"कशावरून?"

"अख्ख्या अंगणात तू एकटाच हसू दाबतोयस. बाकी मला काही कळत नाही रे बाबा. मी नट आहे. चपलांचं सगळं क्षिप्राच्या डोक्यातून येतं."

क्षिप्रा म्हणजे मॅडम. सिरीयल त्याच लिहितात, दिग्दर्शन पण त्याच करतात. एवढीशी बाई, आवाज असा की जनरेटर बंद पडेल. मला जरा वाईटच वाटलं. नऊ वर्षं बघतोय आपण, आणि तो माणूस स्वतःची चप्पल ओळखू शकत नाही. म्हटलं, घ्या, इथे पण फसवलं.

पण थांब. खरी गोष्ट पुढे आहे.

काका पाणी प्यायला घरात आले. शू-रॅकपाशी उभे राहिले. सवय असणार, नऊ वर्षं तेच करून. आणि बघतच राहिले. मधल्या खणात तुझे जांभळे सँडल आहेत ना, पट्टा तुटलेला म्हणून तू टाकून गेलीस ते.

काका आईला बोलले, "वहिनी, हे कोण घालतं?"

आई बोलली, "कोणी नाय."

"मग पुसतं कोण?"

ताई, मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. रॅकमधल्या सगळ्या चपलांवर मानपाड्याची धूळ, ती रस्त्याच्या कामाची पांढरी, जी पुसून अर्ध्या तासात परत बसते. तुझ्या सँडलवर कण नाही. मला वाटलं आई पुसते. आई माझ्याकडे बघत होती, तिला वाटलं मी.

काकांनी एक सँडल उचलला. तुटलेला पट्टा परत शिवलेला. जाड सुतळीचे टाके, एकाला एक अडकवलेले. काका बोलले, "मोच्याने नाही शिवलेलं हे. मोची असा टाका घालत नाही. वहिनी, घरात दाभण कोण चालवतं?"

आपल्या घरात दाभण एकच माणूस चालवतो. मिठागर होतं तेव्हा शाळेतून आल्यावर आजोबांच्या हाताखाली मिठाच्या गोणी शिवायला बसायचा तो. तोच टाका, ताई. गोणीचा टाका.

पप्पा तिथेच पेपर वाचत बसलेले. पेपर घडी न घालता ठेवला आणि बोलले, "टाकी बघून येतो."

शनिवार नव्हता. ट्यून पण वाजली नव्हती.

काकांनी सँडल जागेवर ठेवला, दोन्ही हातांनी, देव ठेवतात तसा. मला हळूच बोलले, "हे क्षिप्राने लिहिलेलं नव्हतं."

विकी


मानपाडा
२६ नोव्हेंबर

ताई,

लोचा झालाय. आत्या रुसून बसलेली. सगळं सांगतो.

शेवटची केस अशी आहे: आपल्या लोकांतलं लग्न. नवरी मधुरा, नवरा समीर. मांडव भरलाय, लग्नाचं गाणं, धवला, चालू आहे, आणि बाराखडे येऊन ओरडणार, "थांबा! हे लग्न होणार नाही!" मग नवरीच्या मामाला पकडणार. क्षिप्रा मॅडमना सगळं ओरिजिनल पाहिजे. धवला पण खरा, तो गाणारी धवलारीण पण खरी. मी काय, लगेच बोललो, "मॅडम, माझी आत्या आहे ना!" स्वतःहून पायावर धोंडा.

लक्ष्मी आत्या आली. नऊवारी, डोक्याला अबोलीचा गजरा, पानाचा डबा, फुल्ल थाटात. पंचक्रोशीत तिच्या तोंडचा धवला झाल्याशिवाय कोणाला हळद लागलेली नाही, तिचा तोराच वेगळा. मॅडमनी खुर्ची दिली, चहा दिला. आत्याने पहिला प्रश्न विचारला, "नवरीचा गाव खंयचा? बापाचा नाव काय?"

मॅडम बोलल्या, "काकू, मधुरा. ती पात्र आहे. खरी नाहीये."

"मंग खरी कोन हाय?"

"कोणीच नाही. आपण फक्त दोन मिनिटं गायचंय. ॲक्टिंग करायची."

आत्याने चहा खाली ठेवला. "बाय माजे, धवल्यान मी देव बोलवतंय. गावदेवीला बोलवतंय, एकवीरेला बोलवतंय, पूर्वजांना बोलवतंय. ते येतान. येऊन मांडवान बसतान. आन बगतील त नवरीच नाय! कोनासाठी आलाव म्हनतील? मना ॲक्टिंग नाय येत. मना धवला येतं."

आणि वर दुसरी गोष्ट. मधे थांबवायचा नाही. एकदा सुरू केला की देव बसलेले असतात, त्यांना अर्ध्यातून उठवायचं नाही. इथे अख्खी सिरीयलच "थांबा!" वर उभी!

आत्या पानाचा डबा उचलून चालू पडली. मॅडम डोकं धरून बसल्या. मांडव सजलेला, ज्युनिअर आर्टिस्ट बोलावलेले, आणि नऊ वर्षांच्या सिरीयलचा शेवटचा सीन अडकला. मी बोललो, "मॅडम, मी बाईच्या आवाजात गातो, मला जमतं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विहिरीच्या मागे कल्टी मारली.

मग कोण उठलं माहितीय? पप्पा. कोणी सांगितलं नव्हतं. शब्द दिलाय ना, अंगण आपलं, लोकं खोळंबलेत, बहीण आपली. स्कूटर काढली, मी मागे बसलो.

आत्या ओट्यावर सुकट निवडत होती. पप्पा आपल्या खास आवाजात, "बाय, माजे शब्दाचा तरी इचार कर."

"तुजे शब्दाचाच करतंय," आत्या बोलली. वर पण बघितलं नाही. "ज्यांचा लगीन झालाय पन धवला ऱ्हायलाय, अशा कोनाचा नाव घेऊ देशील त येतंय. नायतर नाय."

सुकटीवर माशी बसली तिला पण आत्याने हाकललं नाही.

"ज्यांचा नाव घ्याचाय त्यांचा घे," पप्पा बोलले. "पन ये."

"मधी कोनी थांबवाचा नाय."

"नाय थांबवत."

"आन मना कोनी इचाराचा नाय, ह्यांचाच नाव कशाला घेतलास म्हनून."

पप्पांनी स्कूटरला किक मारली. गाडी चालूच असताना मारली, ताई. बंद नव्हती केलेली.

एवढ्या गावात धवला राहिलेलं जोडपं कोण आहे, हे मला कळतं. बारावीत दोनदा नापास झालेल्याला कळतं. आता तूच सांग, पप्पांना कळलं नसेल का?

विकी


मानपाडा
२९ नोव्हेंबर

ताई,

झालं शूट. अक्षर वाईट असेल तर ते नेहमीचं.

सकाळपासून सांगतो. मी एक छोटी गंमत ठरवलेली. मामा बनलेल्या नटाच्या टोपीत खाजकुइली. तयारीत होतो, पुडी खिशात. तेवढ्यात साऊंडवाल्या मुकुल दादाने बोलावलं. मी डीजे लावतो हे त्याला कळलेलं, बोलला, "ये, ऐक माझा माईक," आणि एक हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. ताई, माझे बॉक्स सगळे भंगार आहेत. त्या हेडफोनमधून मला आत्याच्या बांगडीचा आवाज येत होता, अंगणाच्या ह्या टोकाला. पुडी खिशातच राहिली.

दुसरा लोचा. नवरीच्या बापाचं काम करणारा नट आलाच नाही, ठाण्याला घोडबंदरला अडकला. संवाद नव्हतेच त्याला, फक्त बसायचं आणि अक्षता टाकायच्या. मॅडमनी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी स्वतःचा लग्नाचा फेटा काढून बांधला. आई बोलली, "तुमी?" पप्पा बोलले, "बसाचाच हाय ना निसता." आई पण मग बायकांत जाऊन बसली.

तर मांडवात नवरी, नवरा, आपले पप्पा, आपली आई, आणि पन्नासेक भाड्याचे पाहुणे. मांडवाबाहेर बाराखडे, पेन्सिल केसात. आत्याने देव बोलवले की मॅडम हात खाली करणार, मग काकांनी आत घुसून "थांबा!" ओरडायचं. मॅडमनी मनात ठरवलेलं, आत्या थांबली नाही तर तुकडे जोडून भागवू. आत्याला हे काही माहीत नाही.

ॲक्शन.

आत्याने डोळे मिटले.

तुला तिचा आवाज माहितीय, लग्नात आपण त्या वेळेला जेवायची पंगत कधी लागते ते बघत असायचो. मी तो कधी ऐकलाच नव्हता. कानाच्या आत, श्वासासकट. गावदेवीला हाक मारली. एकवीरा आईला मारली. खाडीच्या देवाला मारली, मिठागर भरून टाकलं तिथल्या देवाला पण मारली, ज्याचं देऊळ आता बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आहे. आजोबांना बोलावलं. आपल्या आजोबांना, नावाने. प्रत्येक हाकेनंतर थोडं थांबायची, जशी दारातून कोणीतरी आत येऊन बसायची वाट बघतेय. मी देवाधर्मातला नाही तुला माहितीय, मी प्रसाद दोनदा घेणारा माणूस. पण ताई, मांडव भरत होता. भाड्याचे पाहुणे पण सरकून जागा करत होते, आणि त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मॅडमचा हात खाली आला. काका मांडवाच्या दारात आले. तोंड उघडलं.

आणि आत्याने नाव घेतलं. दर्शना. तानाजीची लेक. आजोबांची नात. आणि मग प्रफुल्ल, त्याच्या आईबापाच्या नावासकट, कल्याणचा. तिने नावं कुठून मिळवली देव जाणे. मला तीन वडापाव लागले होते, तिला एक पण लागला नसेल.

सगळ्यात आधी मी ऐकलं, हेडफोनमुळे. मग आईचा हात तोंडावर गेला. मग पप्पा. त्यांच्या मुठीत अक्षता होत्या. मूठ वळली ती वळलीच.

मी बाराखडेंकडे बघत होतो. "थांबा!" म्हणायचं होतं. नऊ वर्षांतली सगळ्यात शेवटची "थांबा!". काका पप्पांकडे बघत होते. ते सँडल त्यांनीच उचललेले ना. एका क्षणात त्यांना सगळं कळलं, आणि ह्या वेळी क्षिप्रा मॅडमनी काही लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी तोंड मिटलं. पायातल्या चपला काढल्या. टोकं आत करून नीट ठेवल्या. आणि येऊन खाली बसले, पाहुण्यांत, मांडी घालून.

बाराखडे गप्प बसले, ताई! समोर केस, आणि बाराखडे गप्प!

कॅमेरावाला मान वळवून मॅडमकडे बघतोय, कट की काय. मॅडम नुसता हात हलवतायत, चालू ठेव, चालू ठेव, आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसतायत. मुकुल दादा श्वास रोखून. जनरेटरवाल्याला पण कळलं असणार, कारण तो पान थुंकायला उठलेला, परत बसला. आत्याने शेवटपर्यंत गायलं. सगळं. हळद, पाणी, कुळ, सासरचा उंबरठा. किती वेळ झाला मला विचारू नको.

मग अक्षता. सगळ्यांनी टाकल्या. पप्पा उठले. ती नवरी झालेली मुलगी पुण्याची कुठलीतरी, तिला काय माहीत नाही, ती बिचारी नाटकाप्रमाणे पाया पडली. पप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी ओळखतो, आपण तापाने फणफणलेलो असताना ठेवायचे तोच. आणि बोलले. नव्हतं बोलायचं, संवाद नव्हता. एवढं हळू बोलले की बाजूच्याला ऐकू गेलं नाही. पण मला गेलं. कानात गेलं.

"येत जा गो."

बस. एवढंच.

ताई, मी आजवर लोकांना टोप्या घातल्या, चपला बदलल्या, मास्तरच्या खुर्चीला च्युइंगम लावलं, आणि मला वाटायचं की मी उस्ताद. आज माझी पासष्ट वर्षांची आत्या कॅमेऱ्यासमोर, शंभर माणसांसमोर, भावाच्याच मांडवात, भावालाच बाप बनवून, त्याच्याच लेकीचा धवला गाऊन गेली. आणि वर पान लावत बोलली काय, "चांगला जाला ना? माजा चेहरा दिसला ना टीवीन?"

मी वाकून पाया पडलो तिच्या. खाजकुइलीची पुडी विहिरीत टाकली. नंतर आठवलं, पाणी आपणच वापरतो. टँकर मागवलाय, आईला कारण सांगितलेलं नाही.

विकी


मानपाडा
१२ जानेवारी

ताई,

छोटंच लिहितो. शनिवारी रात्री आठ वाजता. शेवटचा एपिसोड. बघ.

क्षिप्रा मॅडमनी शेवट बदललाय. आता असं आहे की बाराखडे येतात, दारातल्या चपला बघतात, त्यांना सगळं कळतं, आणि पहिल्यांदाच ते कुणाला पकडत नाहीत. बसतात. चॅनलवाले भांडले म्हणे, "डिटेक्टिव्ह काही बोलतच नाही?" मॅडम बोलल्या, नऊ वर्षं बोलला तो, आता ऐकू दे.

पण मुद्द्याचं सांगतो. मॅडम परवा स्वतः घरी आल्या. पप्पांना बोलल्या, "दादा, गाण्यात तुमच्या मुलीचं आणि जावयाचं नाव आहे. टीव्हीवर जाईल, सगळे ऐकतील. तुम्ही म्हणाल तर काढते, तिथे नुसते सनई-ताशे टाकते."

मी दाराआड. आई ओट्याशी, गॅस बंद केलेला, ऐकायला.

पप्पांच्या चहावर साय आली. मग बोलले, "बायने घेतलेला नाव कोनी काढाचा नाय."

मॅडम 'जावई' बोलल्या होत्या, आणि पप्पांनी तो शब्द दुरुस्त केला नाही. लक्षात घे.

तुमचं लग्न झालेलंच आहे. सही झाली, विहारात वंदना झाली, मला माहितीय, मी रिक्षा करून विहाराच्या गेटपर्यंत आलेलो, आत आलो नाही. आत्या पण तेच बोलते, "लगीन कवाच जालाय. माजाच काम ऱ्हायला व्हता." तर धवला म्हणजे तुमचं लग्न परत लावलं असं भावोजींनी मनाला लावून घेऊ नये. आमच्या बाजूचं राहिलेलं होतं, ते केलं.

शनिवारी आठ. भांडी घासायची पैज लावायची तर लाव. मी बोलतो, गुन्हेगार मिशीवाला.

विकी


कल्याण पश्चिम, तुझ्या बिल्डिंगचा जिना
१८ जानेवारी, रविवार सकाळ

ताई,

हा कागद म्हणजे शूटिंगच्या स्क्रिप्टचं मागचं पान आहे, मॅडमनी आठवण म्हणून दिलेलं. पुढच्या बाजूला "थांबा!" छापलेलं आहे, खोडलेलं. जपून ठेव.

काल ट्यून वाजली. पप्पा उठले. मी आणि आईने एकमेकांकडे बघितलं, म्हटलं, झालं, चालले टाकीवर. ते गेले दारापर्यंत, कडी लावली, परत येऊन त्यांच्या जुन्या जागेवर बसले. खिडकीजवळच्या. पूर्ण एपिसोड बघितला. धवला आला तेव्हा आईने माझा हात एवढा दाबला की अंगठीचा वळ आहे. तुझं नाव आलं. आपल्या घरात, पप्पा बसलेले असताना, मोठ्या आवाजात तुझं नाव. शेजारच्या घरातूनही टीव्हीवर तेच येत होतं, अर्धा सेकंद मागे. दोनदा ऐकलं आम्ही.

मग "येत जा गो". मुकुल दादाने काढलं नाही ते. उलट मागची सनई बारीक केली.

संपलं तेव्हा वर टाकी भरून वाहत होती. पाणी जिन्यावरून खाली. कोणी उठलं नाही.

नंतर पप्पांनी भांडी घासली. मी बोललो, "पप्पा, पैज कुठे लावलेली?" ते बोलले, "मना वाटला, मामाच असल. मिशी व्हती." आणि साबण लावता लावता, पाठ करून, "विक्या, तिचा घर कल्याणला कुठं हाय?"

आज सकाळी पप्पांनी रॅकमधून तुझे सँडल काढले. पुसले. कालच्या पेपरात गुंडाळले. गाडी बाहेर काढली. मला बोलले, "चल, पेट्रोल भराचाय." मानपाड्याला पंप आहे ताई. आम्ही कल्याणला पेट्रोल भरायला आलोय.

खाली पोचल्यावर गाडीतून उतरेनात. पेपरातलं पुडकं माझ्या हातात दिलं. "तू दे. पायान घालून ये म्हनाव." बास.

आता मी तुझ्या दारात आहे. बाहेर दोन जोड आहेत. तुझ्या चपला, भावोजींचे बूट. टोकं आत. म्हणजे घरीच आहात दोघं. मी बेल मारलेली नाही. तू दार उघडून मला बघितलंस तर पहिलं वाक्य बोलशील, "विकी, आता नवीन काय?" आणि बरोबर आहे, मी पण माझ्यावर विश्वास ठेवला नसता. म्हणून हे लिहितोय. पुडकं आणि कागद दारात ठेवणार, बेल मारणार आणि जिन्यात जाऊन बसणार.

माझ्यावर ठेवू नको विश्वास. पुडकं उघड. पट्ट्यावरचा टाका बघ. मला सुईत दोरा ओवता येत नाही, शाळेत बटण तुटलं की मी स्टेपल करायचो, तूच ओरडायचीस. तो गोणीचा टाका आहे. तो एकाच माणसाला येतो, आणि तो माणूस आत्ता खाली पांढऱ्या गाडीत बसलाय, स्टिअरिंग धरून, जणू गाडी चालू आहे.

खिडकीतून बघ. पण लवकर. नो पार्किंगमध्ये लावलीय. टोइंगवाले आले तर ते गाडीसकट उचलून नेतील, पण पप्पा काही स्वतःहून उतरणार नाहीत. हट्टात कोणासारखे आहेत ते मी लिहीत नाही.

बेल मारतो.